घरच्या घरी अंडी उबवायचीत? मशीन घेण्याआधी एवढं वाचा

नाशिक : कोंबडी खुडूक बसली की घरातली बाई पाटीत भुसा टाकते, दहा-बारा अंडी मांडते आणि कोंबडीला रवणाला बसवते. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलंय. आता मोबाईलवर अंडी उबवण्याच्या मशीनच्या जाहिराती दिसतात. ‘५० अंडी ठेवा, ५० पिल्लं काढा’ असं त्यात सांगतात. बरेच जण मशीन मागवतात. पहिल्या खेपेला पाच-सहा पिल्लं निघतात, बाकीची अंडी उकिरड्यावर जातात आणि मशीन माळ्यावर जातं.

खरं तर दोष बहुतेक वेळा एकट्या मशीनचा नसतो. अंडी कुठली, मशीन कोणत्या खोलीत, लाईट कशी आणि पाण्याकडे लक्ष किती, यावर सगळं ठरतं. म्हणून मशीन घ्यायचं की नाही इथपासून पिल्लं खाली उतरेपर्यंतची माहिती इथे क्रमाने देत आहोत.

आधी ठरवा, मशीन लागतंय का?

खुडूक कोंबडीला लाईट लागत नाही, अंडी ती स्वतः फिरवते आणि पिल्लंही सांभाळते. पण एका वेळी तिच्याखाली दहा ते पंधराच अंडी मावतात. शिवाय २१ दिवस बसणं आणि नंतर पिल्लं घेऊन फिरणं, या सगळ्या काळात तिचं अंडी देणं बंद असतं. घरात चार-पाचच कोंबड्या असतील आणि वर्षाला वीस-पंचवीस पिल्लं पुरत असतील, तर मशीनची गरज नाही. खुडूक कोंबडी झकास आहे.

कोंबड्या वीस-पंचवीस असतील, गावरान पिल्लांना आसपास गिऱ्हाईक असेल आणि ठरलेल्या तारखेला एका वयाची पिल्लं हवी असतील, तर मशीन कामाला येतं. एकटीला परवडत नसेल तर बचत गटातल्या चार-पाच जणींनी मिळून एक मशीन घ्यावं आणि पाळी लावावी. २१ दिवसांची एक खेप आणि मधले दोन-तीन दिवस साफसफाईचे असे धरले, तर वर्षाला चौदा-पंधरा खेपा बसतात.

अंडी चुकली की सगळं चुकलं

दुकानातली पांढरी अंडी मशीनमध्ये ठेवून उपयोग नाही. लेयर फार्मवर कोंबडा ठेवतच नाहीत, त्यामुळे त्या अंड्यात जीव नसतो. बाजारात ‘गावरान’ म्हणून विकली जाणारी तपकिरी अंडीही तशीच असू शकतात. ज्या कळपात कोंबडा फिरतोय, त्याच कळपाची अंडी घ्या.

- आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा हवा. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत २५ तलंगांबरोबर ३ नर देतात, त्यामागेही हाच हिशोब आहे.
- नवीन कोंबडा सोडल्यावर आठवडाभर थांबा, मग अंडी जमवा.
- घरचाच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवू नका. दरवर्षी दुसऱ्या गावातून बदलून आणा. नात्यातली पैदास झाली की उबवण घटते आणि पिल्लं कमजोर निघतात.
- अंडं मध्यम आकाराचं, साधारण ४५ ते ६० ग्रॅमचं घ्या. तडा गेलेलं, वाकडं किंवा फार मोठं अंडं बाजूला काढा.
- अंडी धुवू नका. कवचावर नैसर्गिक थर असतो, तो पाण्याने जातो आणि घाण आत शिरते. किरकोळ डाग कोरड्या फडक्याने पुसा. फार बरबटलेली अंडी खायला वापरा.

आणखी एक गोष्ट. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज या सुधारित जाती संकरातून तयार केलेल्या आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्लं निघतील, पण आईबापाइतकी अंडी किंवा तेवढं वजन ती देतीलच असं नाही. ही पिल्लं दरवेळी अधिकृत केंद्रातून आणलेलीच बरी. घरी उबवायला आपली देशी, गावरान जात किंवा शुद्ध कडकनाथ चांगला.

जमवलेली अंडी कुठे ठेवायची?

बरीच अंडी मशीनमध्ये जाण्याआधीच मरतात, ती याच टप्प्यावर. रोज पाच-सहा करत अंडी जमवायची म्हटलं की आठवडा जातो. अंड्यातला जीव साधारण २०-२१ अंशांच्या वर हळूहळू वाढायला लागतो. नांदगाव-मालेगावकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात ठेवलेलं अंडं अर्धवट वाढतं आणि तिथेच मरतं. आपल्याला वाटतं कोंबडा नीट नव्हता!

अंड्यांना १५ ते १८ अंशांची थंड, किंचित दमट जागा मानवते. उन्हाळ्यात माठाशेजारी, ओल्या गोणपाटाच्या सावलीत टोपली ठेवा. गोणपाट अंड्यांना चिकटू देऊ नका. अंड्याचं निमुळतं टोक खाली आणि रुंद टोक वर ठेवा. हवेची पोकळी रुंद टोकाकडे असते. थंडीत सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात, कडक उन्हाळ्यात तीन-चार दिवसांचीच घ्या. फ्रिज फार गार असतो, त्यात दिवसेंदिवस ठेवलेली अंडी उबवायला घेऊ नका.

दुसऱ्या गावाहून गाडीवर अंडी आणली असतील तर लगेच मशीनमध्ये टाकू नका. बारा ते चोवीस तास स्थिर ठेवा, मग मांडा.

मशीन घेताना काय बघायचं?

१. पंखा आहे का? पंख्याच्या मशीनमध्ये उष्णता सगळीकडे सारखी राहते. बिनपंख्याच्या पेटीत वरती गरम आणि खाली गार असं होतं. नवख्या माणसाने पंख्याचंच घ्यावं.

२. अंडी आपोआप फिरतात का? अंडं फिरवलं नाही तर आतला जीव कवचाच्या पडद्याला चिकटतो. शेताची कामं सांभाळून दिवसाला पाच वेळा हाताने फिरवणं जमत नाही. त्यामुळे मोटरवर फिरणाऱ्या ट्रेसाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

३. पाणी बाहेरून भरता येतं का? दरवेळी झाकण उघडावं लागलं तर ऊब आणि दमटपणा दोन्ही उडून जातात.

४. बॅटरीवर चालतं का? बारा व्होल्टच्या बॅटरीची सोय असलेलं मशीन आपल्या भागात फार उपयोगी.

५. ट्रेमध्ये कोंबडीची किती अंडी बसतात? लावाची अंडी लहान असतात, त्यावरून सांगितलेला आकडा मोठा दिसतो. म्हणून ‘कोंबडीची किती?’ असं स्पष्ट विचारा.

६. सेन्सर, मोटर, पंखा बिघडला तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल का? सोळाव्या दिवशी सेन्सर गेला आणि नवीन यायला आठवडा लागला, तर खेप गेलीच म्हणायची.

सुरुवात ३० ते ६० अंड्यांच्या लहान मशीनने करा. दोन-तीन खेपा जमल्या की मोठ्याचा विचार करा.

थर्माकोलची पेटी, बल्ब, कॉम्प्युटरचा लहान पंखा आणि तापमान कंट्रोलर जोडून घरी मशीन बनवणारेही आहेत. त्यातूनही पिल्लं निघतात. पण एका पेटीत लाईट, पाणी आणि पेट घेणारा थर्माकोल असं तिन्ही आहे, हे विसरू नका. बल्ब थर्माकोलपासून लांब हवा आणि जोड उघडे नकोत. वायरिंग जाणकाराकडून करून घ्या, अर्थिंग आणि शॉक लागल्यावर लाईट तोडणारा स्विच बसवा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा बघा.

आपल्या जिल्ह्यात जागा निवडणं सोपं नाही

मशीन ऊब देऊ शकतं, पण गार करू शकत नाही. हे नीट समजून घ्या. मेमध्ये मालेगाव किंवा येवल्याकडे दुपारी पत्र्याखालची खोली ४० अंशांच्या वर गेली, तर मशीनमधला हिटर बंद राहील, पण आतली अंडी तापतच राहतील. अशा घरात उन्हाळ्याची खेप टाळा, नाहीतर मशीन जाड भिंतीच्या, कौलारू किंवा स्लॅबच्या गार खोलीत ठेवा.

निफाडची गोष्ट उलटी. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा राज्यातल्या सर्वात कमी आकड्यांमध्ये असतो. उघड्या पडवीत मशीन ठेवलं तर हिटर रात्रभर चालूनही तापमान गाठत नाही. दार-खिडकीच्या झोतात मशीन नको.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पावसाच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टला हवेतच इतका ओलावा असतो, की मशीनमध्ये पाणी कमी किंवा अजिबात न घालता काम भागतं. सिन्नर किंवा चांदवडच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र तेच भांडं दिवसात आटतं. म्हणून व्हिडिओत सांगितलं तेवढं पाणी डोळे झाकून भरू नका. आपल्या मशीनवरचा आकडा बघा.

साधारण खोली २० ते २८ अंशांची राहते ते महिने सोपे. दिवाळीनंतरचा काळ आणि फेब्रुवारी-मार्चची सुरुवात आपल्याकडे चांगली जाते.

आकडे खरे आहेत का, आधी तपासा

नवीन मशीन एक-दोन दिवस रिकामं चालवा. स्वस्त मशीनचा आकडा एखाद्या अंशाने चुकीचा असू शकतो आणि एका अंशाने खेप बिघडते.

तापमान तपासायला घरातलं तापाचं थर्मामीटर चालतं. ग्लासात कोमट पाणी घ्या, त्यात स्टीलच्या टोपीचा सेन्सर आणि थर्मामीटरचं टोक शेजारी शेजारी बुडवा. पाणी कोमटच हवं, गरम पाण्याने थर्मामीटर बिघडेल. दोन्हींत जो फरक येईल तो लिहून ठेवा. सेन्सर निघत नसेल तर वेगळं चांगलं थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून बघा.

दमटपणाचा मीटर सुटा असेल तर त्याची परीक्षा मिठाने करा. झाकणात दोन चमचे मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओलं करा. मीठ विरघळू देऊ नका. हे झाकण आणि मीटर एका बंद डब्यात सात-आठ तास ठेवा. मीटरने ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवलं पाहिजे. ७० दाखवलं तर तो ५ ने कमी दाखवतो, असं धरा.

२१ दिवसांचं वेळापत्रक

समजा १ तारखेला संध्याकाळी अंडी ठेवली. अंडी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गार अंडी थेट ठेवली तर कवचावर पाणी सुटतं.

- १ ते १९ तारीख : पंख्याच्या मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९९.५. बिनपंख्याच्या पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीला साधारण ३८.५. दमटपणा ५० ते ५५ टक्के.
- फिरवणं : मोटर असेल तर एक-दोन तासांनी ती फिरवते. हाताने करायचं असेल तर अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा फिरवा. त्यामुळे रात्रभर दरवेळी एकच बाजू वर राहत नाही. हात धुऊनच अंड्याला लावा.
- ८ तारीख : रात्री अंधारात बॅटरीवर अंडी बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. काहीच नसेल तर अंडं पोकळ. नुसतं लाल कडं दिसलं तर सुरुवातीलाच मेलेलं. अशी अंडी काढून टाका. सडलेलं अंडं आत फुटलं तर बाकीच्यांनाही घाण लागते.
- १९ तारीख : १८ दिवस पूर्ण झाले. परत एकदा बघा, फिरवणं बंद करा, अंडी आडवी जाळीवर किंवा खरबरीत कापडावर ठेवा. दमटपणा ६५ ते ७० टक्क्यांवर न्या. हवेची भोकं उघडी ठेवा, आता पिल्लं श्वास घेतात.
- २१-२२ तारीख : कवचाला चीर पडते. चीर पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात.

दमटपणा वाढवायचा असेल तर भांडं खोल नको, पसरट हवं. पाण्याचा पृष्ठभाग जितका मोठा तितकी वाफ जास्त. खोली वाढवून फरक पडत नाही.

मीटरवर भरवसा नसेल तर किचनचा वजनकाटा वापरा. दहा अंड्यांचं वजन पहिल्या दिवशी ५०० ग्रॅम भरलं, तर अठराव्या दिवशी ते ४३५ ते ४४५ ग्रॅम असावं. म्हणजे ११ ते १३ टक्के घट. घट कमी असेल तर पाणी जास्त होतंय आणि घट जास्त असेल तर मशीन कोरडं पडतंय.

लाईट गेली तर?

गावठाण फीडरवर घर असेल तर ठीक. मळ्यात, शेती फीडरवर राहणाऱ्यांनी मात्र मशीनच्या आधी बॅटरीचा किंवा इन्व्हर्टरचा विचार करावा. व्होल्टेज सारखं वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझरही लागतो.

पण लाईट गेली म्हणून घाबरून अंडी फेकू नका. अंडं तापण्यापेक्षा थोडा वेळ गार होणं जास्त सहन करतं. खुडूक कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्याला उठतेच.

- झाकण उघडून बघत बसू नका.
- वरून गोधडी किंवा ब्लँकेट टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. शेवटच्या तीन दिवसांत तर नक्कीच.
- एक-दोन तासांत लाईट आली नाही तर कोमट-गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा. अंड्याला टेकवू नका. पाणी गार झालं की बदला.
- लाईट आल्यावर तापमान नेहमीचंच ठेवा. भरपाई म्हणून वाढवू नका.
- पिल्लं एखादा दिवस उशिरा निघू शकतात, म्हणून २२ तारखेलाच मशीन बंद करू नका. आणखी दोन दिवस थांबा.

तापमान ४० च्या वर जाऊन काही तास तसंच राहिलं, तर मात्र खेप वाचणं अवघड.

चीर पडल्यावर हात आवरा

सगळ्यात जास्त पिल्लं इथे मायेपोटी मरतात. पिल्लू चिवचिवतंय, बाहेर येईना, म्हणून आपण कवच सोलायला जातो. त्या वेळी पडद्याच्या शिरांमध्ये रक्त असतं आणि बलक पोटात ओढून घ्यायचं राहिलेलं असतं. सोललं की रक्त येतं आणि पिल्लू जातं. वारंवार झाकण उघडलं तर दमटपणा उडतो, पडदा सुकतो आणि बाकीची पिल्लं आतच अडकतात.

निघालेली पिल्लं सुकेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस काढू शकतं, दाणापाण्याची घाई नसते.

खेप फसली तर अंडी फोडून बघा

न उबलेली अंडी फेकण्याआधी लांब नेऊन फोडा. चूक कुठे झाली ते कळतं.

- बहुतेक पोकळ : कोंबडा कमी, म्हातारा किंवा अंडी जुनी.
- पहिल्या आठवड्यात मेलेली : साठवण चुकली किंवा सुरुवातीचं तापमान.
- पिल्लं १९-२० दिवसांतच निघाली, बेंबी उघडी : तापमान जास्त.
- २२-२३ दिवस लागले, पिल्लं मंद : तापमान कमी.
- पूर्ण वाढलेली, चीर पडून मेलेली : शेवटी मशीन कोरडं पडलं किंवा झाकण उघडलं.
- पिल्लं चिकट, फुगीर : पाणी जास्त, हवा कमी.

प्रत्येक खेपेची वही ठेवा. तारीख, तापमान, पाणी, किती ठेवली, किती निघाली. तिसऱ्या खेपेला ही वहीच तुमची गुरू होते.

हिशोब कागदावर करा

समजा ५० अंडी ठेवली. त्यातली ४० जिवंत निघाली आणि ४० मधून ३० पिल्लं आली. घरगुती मशीनवर हे चांगलं काम आहे. अंडं १५ रुपयांचं धरलं तर ७५० रुपयांत ३० पिल्लं, म्हणजे पिल्लामागे २५ रुपये नुसत्या अंड्यांचे. मशीन सरासरी ४० वॅट ओढत असेल तर २१ दिवसांत साधारण २० युनिट लाईट जळते. त्यात पिल्लांचं खाद्य, लस आणि मरतूक धरा. जाहिरातीतल्या शंभर टक्क्यांवर हिशोब मांडला की नुकसान ठरलेलं.

‘पिल्लं तुम्ही वाढवा, आम्ही परत घेऊ’ अशा आमिषांपासूनही जपा. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून उघडकीला आलेल्या कडकनाथ प्रकरणात राज्यभरातले शेतकरी पोळले. आधी आपल्या आठवडी बाजारात गिऱ्हाईक आहे का ते बघा.

पिल्लं निघाली, पुढे काय?

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करा. थर्मामीटर नसलं तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकावर एक चढली तर गार लागतंय, लांब पळून चोच उघडी ठेवली तर गरम होतंय, सगळीकडे पसरून दाणे टिपतायत तर बरोबर. खाली भाताचं तूस टाका. नुसता कागद घसरतो आणि पिल्लांचे पाय फाकतात. पाण्याचं भांडं उथळ हवं. खाद्य म्हणून चिक स्टार्टर द्या, नुसत्या मक्याच्या भरड्यावर वाढ होत नाही.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. ती आणि पुढच्या लसी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. कळपात पांढरी हगवण असेल तर त्या कोंबड्यांची अंडी उबवू नका, रोग अंड्यातून पिल्लात जातो. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता. अचानक पक्षी मरू लागले तर लपवू नका, लगेच दवाखान्याला कळवा.

काम वाढवायचं असेल तर नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे आणि पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करा. राष्ट्रीय पशुधन अभियानात हॅचरीसह कुक्कुटपालनाला ५० टक्के अनुदान आहे, पण ते किमान हजार पैदाशीच्या पक्ष्यांच्या मोठ्या प्रकल्पाला. घरच्या पन्नास अंड्यांच्या मशीनसाठी ते नाही.

आणि शेवटी एक जुनी युक्ती. मशीनमध्ये पिल्लं निघतील त्याच सुमारास घरात एखादी कोंबडी पंधरा-वीस दिवस खुडूक बसलेली असेल, तर रात्री अंधारात एक-एक पिल्लू हळूच तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी ती त्यांना आपलीच समजून घेऊन फिरते. पहाटे मात्र उठून एकदा बघा, टोचत असेल तर पिल्लं काढून घ्या. नाहीतर बल्बचा खर्च वाचला, घारीची राखणही तिच्याकडे गेली!